जाऊन येणे आणि येऊन जाणे : मराठी प्रवासलेखनातील वय आणि गंतव्य

१

मराठी प्रवासवर्णनांचा विचार करताना आपल्या समीक्षेने आजवर बहुधा स्थळ हाच वर्गीकरणाचा पाया मानला आहे. युरोपची प्रवासवर्णने, अमेरिकेची, पूर्वेकडील देशांची, तीर्थयात्रांची, असे विभाग पाडावयाचे आणि प्रत्येक विभागात लेखकाची निरीक्षणशक्ती, विनोदबुद्धी व निसर्गवर्णनाची हातोटी तपासावयाची, ही पद्धत पदव्युत्तर अभ्यासक्रमात तर पक्की रुजलेली आहे. या पद्धतीचा उपयोग नाही असे नाही. परंतु तिच्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. प्रवासी त्या स्थळी कोणत्या वयात गेला, आणि त्या वयात त्याला तेथे जावेसे का वाटले, हा तो प्रश्न होय.

स्थळ तेच असले तरी वय बदलले की ते गंतव्य म्हणून तेच राहत नाही. काशीचेच उदाहरण घेऊ. सोडमुंजीच्या विधीत बटू छत्री आणि काठी घेऊन काशीस निघतो आणि मामा त्याला मुलगी देण्याचे वचन देऊन चार पावलांवरून परत आणतो. या वयातील काशी ही न जाण्यासाठीच उच्चारलेली आहे; तेथे जाण्याचा मनोदय बोलून दाखवावयाचा आणि प्रपंचाकडे वळावयाचे, असा त्या विधीचा अर्थ. पुढे साठीच्या घरात तीच व्यक्ती काशीचे नाव काढते तेव्हा मामा अडवावयास नसतो, आणि अडवले तर ते मुले किंवा गुडघे अडवतात. काशीला जावे असे नित्य बोलत राहावे, प्रत्यक्ष जाणे घडो वा न घडो, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे. एका गंतव्याच्या या दोन उच्चारांमध्ये मनुष्याचे सारे आयुष्य मावते. समीक्षेने ‘काशीची वर्णने’ असा एकच विभाग पाडला की हा फरक पुसला जातो.

तरुणपणी दूरची ओढ, वार्धक्यात देवाची ओढ, असे एक ठोकळ उत्तर या प्रश्नाला दिले जाते. प्रस्तुत लेखात त्या उत्तराची तपासणी करावयाची आहे. वयाबरोबर बदलते ते स्थळ नव्हे, तर जाणे आणि येणे ज्या बिंदूपासून मोजले जाते तो बिंदू बदलतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाला आधार प्रथम भाषेतून आणि मग काही निवडक ग्रंथांतून शोधावयाचा आहे.

२

मराठीत गंतव्य सांगण्याचे मुख्यतः तीन प्रकार आहेत. पहिला प्रकार माहेरी, सासरी, आजोळी, गावी, परगावी, परदेशी या रूपांचा. यांतील ई हा जुना सप्तमीचा प्रत्यय आहे. जुन्या मराठीत तो स्थळनामांनाही सर्रास लागे. आज बोलीत तो थोड्या शब्दांपुरता उरला आहे. हे उरलेले शब्द पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील बहुतेक कोणत्याही नकाशावर दाखवता येत नाहीत. माहेर प्रत्येकीचे वेगळे, आजोळ प्रत्येकाचे वेगळे. ही नावे स्थळाची नसून नात्याची आहेत. परदेश हा शब्दसुद्धा स्वदेश कोणता ते ठरल्यावाचून निरर्थक होय.

दुसरा प्रकार व्यक्तीला ‘कडे’ जोडण्याचा : मामाकडे, मावशीकडे, मुलाकडे. येथेही स्थळ गौण असते. मामा नाशिकला असो वा नागपूरला, मूल मामाकडेच जाते. तिसरा प्रकार विशेषनामाला ‘ला’ किंवा ‘स’ लावण्याचा : काशीस, पंढरपूरला, विलायतेला, अमेरिकेला. या प्रकारात गंतव्य जाणाऱ्याच्या नात्यागोत्यापासून स्वतंत्र असते आणि ते सर्वांना सारखेच असते.

क्रियापदांची निवडही अशीच बोलकी आहे. सहल काढतात, प्रवास करतात, वारी चुकते आणि यात्रा घडते. ‘काशी घडली’ या प्रयोगात जाणाऱ्याचे कर्तृत्व मुद्दाम मागे ठेवलेले आहे. ‘वारी चुकली’ यात ती व्हावयाचीच होती हे गृहीत आहे. ‘प्रवास’ या शब्दाचा मूळ अर्थ घरापासून दूर राहणे असा असून संस्कृत साहित्यात तो विरहाचे कारण म्हणून येतो. आज आपण त्याला आनंदाचा विषय केला आहे.

मात्र या सर्वांहून महत्त्वाचा आहे तो निरोपाचा प्रयोग. मराठी मनुष्य घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ किंवा ‘जाऊन येतो’ म्हणतो. ‘गेला’ या रूपाला मृत्यूचा अर्थ चिकटलेला असल्यामुळे ‘जातो’ हा शब्द अशुभ मानला जातो, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. हा विशेष एकट्या मराठीचा नाही. कन्नड आणि तमिळ भाषांतही निरोप घेताना ‘जाऊन येतो’ अशाच अर्थाचा प्रयोग करतात, आणि गुजरातीत जाणाऱ्याला ‘आवजो’ म्हणून निरोप दिला जातो. तेव्हा यावरून मराठी स्वभावाविषयी सिद्धान्त काढणे धाडसाचे होईल. परंतु या प्रयोगाच्या उलटा असा एक दुसरा प्रयोग मराठीत आहे, आणि या दोहोंतील भेद आपल्या विषयाला फार उपयोगी आहे. तो प्रयोग म्हणजे ‘येऊन जा’.

‘जाऊन येतो’ या प्रयोगात बोलणारा स्वतःचे घर हे केंद्र धरतो. तेथून जाणे आणि तेथेच येणे. ‘चार दिवस येऊन जा’ असे आईबाप सासरी असलेल्या मुलीला सांगतात तेव्हा केंद्र आईबापांच्या घरी असते. मुलगी तेथे येते खरी, पण शेवटचे क्रियापद ‘जा’ हे आहे. जे घर तिचे होते त्या घरी ती आता येऊन जाणारी झाली, हे व्याकरणानेच सांगून टाकले. क्रियापदांची अदलाबदल झाली आणि एक वय संपले.

३

बालपणीच्या गंतव्याचा विचार करताना आजोळ हा शब्द प्रथम सुचतो. येथे एक साधी परंतु दुर्लक्षित गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाचे आजोळ आणि त्याच्या आईचे माहेर हे एकच घर असते. उन्हाळ्याच्या सुटीत एकाच गाडीने, एकाच डब्यातून दोन प्रवासी एकाच घरी जातात. पण त्यांची गंतव्ये वेगळी असतात. मुलाला तेथे आंबे, विहीर आणि मामा दिसतो. आईला तेथे तिचे लग्नापूर्वीचे वय दिसते. मुलाला कोणीतरी नेत असते, म्हणून त्याच्या तोंडी ‘जायचं’ असते. आई ‘येऊन जात’ असते. आपल्या आत्मचरित्रांतून आणि ललित निबंधांतून आजोळची जी असंख्य वर्णने आली, ती जवळजवळ सर्व मुलाच्या बाजूने लिहिलेली आहेत. शेजारी बसलेल्या दुसऱ्या प्रवाशाचे गंतव्य त्यांत क्वचितच उमटते.

ते उमटले आहे जात्यावरच्या ओव्यांत. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये केलेला ओव्यांचा संग्रह सर्वांना परिचित आहे. पुढे गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नाने महाराष्ट्रातील एक हजारांहून अधिक गावांतून एक लाखाच्या वर ओव्या गोळा झाल्या. या ओव्यांतील स्त्रीची दोन गंतव्ये ठरलेली आहेत, माहेर आणि पंढरी. तिसरे गंतव्य अपवादाने येते. विशेष असे की ही दोन गंतव्ये एकमेकांत मिसळतात. पंढरी हे माहेर होते, विठ्ठल बाप किंवा भाऊ होतो, रुक्मिणी आई होते. संतांनीही पंढरीला माहेर म्हटले आहे, त्यामुळे हे रूपक भक्तिपरंपरेतून ओव्यांत आले असे म्हणता येईल. परंतु त्याचा व्यावहारिक आधारही लक्षात घेतला पाहिजे. आईबाप निवर्तल्यावर आणि भावजयीच्या हाती घर गेल्यावर माहेरचे दार पूर्वीसारखे उघडे राहत नाही. त्या वयात जेथे आपण पाहुणी नसू असे दुसरे घर हवे असते. पंढरीला कोणी ‘येऊन जा’ म्हणत नाही. तेव्हा प्रौढ स्त्रीची पंढरीची ओढ ही केवळ वाढत्या वयाची धार्मिकता नव्हे. हरवलेले केंद्र परत मिळविण्याची ती धडपड आहे. ठोकळ उत्तर येथे पहिल्यांदा अपुरे पडते.

४

तारुण्यातील प्रवासाचा मराठीतील सर्वांत मोलाचा ग्रंथ म्हणून विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा उल्लेख करावा लागेल. १८२७ साली जन्मलेले वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली, वयाच्या तिशीत, चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरी कर्ज होते. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता होती. म्हणजे गंतव्य मथुरा आणि हेतू द्रव्यार्जन. वाटेत बंडाचा वणवा पेटला. यज्ञ बाजूला राहिला आणि हा तरुण भिक्षुक झाशीच्या वेढ्याचा साक्षीदार झाला. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. शेवटी तो घरी परतला तेव्हा त्याच्याजवळ सांगण्यासारखे एकच धन होते, गंगेची कावड. त्या गंगोदकाने त्याने आईवडिलांना स्नान घातले.

इतिहासाचे साधन म्हणून या ग्रंथाची चर्चा पुष्कळ झाली आहे. गंतव्याच्या दृष्टीने त्याचे वाचन केले असता निराळी गोष्ट दिसते. या प्रवासात दोन वयांची दोन गंतव्ये एकत्र आलेली आहेत. मुलाला मथुरा हवी होती ती कर्ज फेडण्यासाठी. आईवडिलांचे वय गंगेचे होते, पण त्यांना जाणे शक्य नव्हते. मुलाचे गंतव्य फसले आणि आईवडिलांचे गंतव्य कावडीतून घरी आले. जो ज्यासाठी गेला ते त्याला मिळाले नाही; आणि जे गेलेच नाहीत त्यांना तीर्थ घडले. ‘जाऊन येणे’ या प्रयोगाचा पूर्ण अर्थ येथे लागतो. जाणे एकाचे असू शकते आणि त्याचे येणे दुसऱ्याच्या उपयोगी पडू शकते. काशीहून परतल्यावर मावंदे घालण्याची आपली चाल याच अर्थाची आहे. यात्रा तेथे पोचल्याने पुरी होत नाही. परत येऊन न गेलेल्यांना पंक्तीला बसविले म्हणजे पुरी होते.

या ग्रंथाविषयी आणखी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. प्रवास तिशीतला आहे, पण लेखन चिंतामणराव वैद्य यांच्या सूचनेवरून सुमारे पंचवीस वर्षांनी झालेले आहे, आणि वैद्यांनी संस्कार केलेला ग्रंथ १९०७ साली प्रसिद्ध झाला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली आवृत्ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी वाचकांच्या हाती आली. म्हणजे आपण वाचतो ती तिशीची ओढ पन्नाशी उलटलेल्या मनुष्याने आठवलेली आहे. गंगेच्या कावडीला कथनाच्या शेवटी जे स्थान मिळाले, ते तरुण प्रवाशाने दिले की लिहिणाऱ्या प्रौढाने, हे सांगणे कठीण आहे. लिहावयास बसलेला मनुष्य तोपर्यंत स्वतःच आईवडिलांच्या वयाला पोचला होता. प्रवासाचे वय आणि लेखनाचे वय ही दोन वेगळी परिमाणे मानल्याशिवाय या वाङ्मयप्रकाराची समीक्षा नेमकी होणार नाही, असे सुचवावेसे वाटते.

५

ठोकळ उत्तराला सर्वांत मोठा धक्का बसतो तो पंडिता रमाबाईंच्या चरित्राने. वार्धक्यात तीर्थे, हा क्रम त्यांच्या बाबतीत पूर्णपणे उलटा आहे. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थांतच गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत सहकुटुंब एका क्षेत्राहून दुसऱ्या क्षेत्री पायी हिंडत. सर्वसाधारण मराठी माणूस ज्या स्थळांची आयुष्यभर इच्छा धरतो, ती या मुलीने सोळाव्या वर्षाच्या आत पाहून संपविली होती. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील त्या वाटेवरच गेले. पुढे भावाबरोबर १८७८ साली त्या कलकत्त्यास पोचल्या, आणि १८८३ साली, वैधव्यानंतर, लहान मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या. ‘इंग्लंडचा प्रवास’ हे पत्ररूप लेखन त्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी अमेरिकेस निघाल्या होत्या. त्यांनी श्रीरामपूर येथील जाहीर सभेत आपण का जातो याची कारणे सांगितली. स्त्रीने विलायतेला का जावे, याचे उत्तर समाजाला द्यावे लागे, तसे पुरुषाला लागत नसे, ही गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. आनंदीबाईंचे गंतव्य वैद्यकीय शिक्षण हे होते. ते १८८६ साली पुरे झाले, आणि परतल्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास त्यांचे निधन झाले. जाऊन येणे झाले. आल्यानंतरचे आयुष्य मात्र उरले नाही.

रमाबाईंचे अमेरिकेवरील पुस्तक १८८९ साली निघाले. त्याच्या शीर्षकात ‘लोकस्थिति’ हा शब्द आधी आहे आणि ‘प्रवासवृत्त’ हा नंतर. हा क्रम आकस्मिक मानण्याचे कारण नाही. ज्या स्त्रीने बालपणीच तीर्थांचे माहात्म्य आणि तेथील उपासमार एकत्र पाहिली, तिला स्थळाच्या पुण्याईवर विसंबणे शक्य नव्हते. तेथील माणसे कशी राहतात, स्त्रियांना काय करू देतात, संस्था कशा चालवितात, हे तिचे गंतव्य होते. म्हणून या पुस्तकात दृश्यांचे वर्णन थोडे असून राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संघटना यांचे विवेचन विस्ताराने येते. प्रवासवर्णन म्हणून ते रूक्ष आहे अशी तक्रार विद्यार्थी करतात. रूक्षता हा येथे दोष म्हणून मोजण्यापेक्षा लेखिकेच्या वयाचा आणि गतायुष्याचा परिणाम म्हणून वाचला पाहिजे.

आणि केंद्राचा प्रश्न येथे अधिकच ठळक होतो. रमाबाईंना आजोळ किंवा माहेर म्हणावे असे स्थिर घर लाभले नव्हते. ज्याला जाऊन यावयाचे ठिकाणच नाही, त्याचा प्रवास ‘जाऊन येणे’ या प्रयोगात बसत नाही. परतल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगावला मुक्तिसदन उभारले. सासर व माहेर दोन्ही तुटलेल्या स्त्रियांना जेथे यावे आणि तेथून कोणी ‘जा’ म्हणू नये, असे घर त्यांनी बांधले. त्यांच्या सर्व प्रवासांचे शेवटचे गंतव्य हे होते, असे म्हणावयास हरकत नाही. त्यांच्या धर्मांतरावरील वादात त्यांच्या प्रवासलेखनाची ही बाजू झाकली गेली, ही आपल्या समीक्षेची उणीव होय.

६

मध्यमवयातील गंतव्याचे स्वरूप पाहण्यासाठी दोन लेखक घेऊ. पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ १९६० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते चाळिशीत होते. विलायत हा शब्द मूळ अरबी, सत्तेखालील प्रदेश अशा अर्थाचा. इंग्रजी अमदानीत मराठीत त्याचा अर्थ इंग्लंडपुरता आकसला. ‘विलायती’ हे विशेषण मात्र वस्तूंना आधीच चिकटले होते. इंग्लंडात न उगवणारी चिंचसुद्धा विलायती झाली. इंग्रजी शाळांत शिकलेल्या पिढीला विलायत प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी पुस्तकांतून आणि वस्तूंतून पाठ झालेली होती. अशा ठिकाणी चाळिशीत जाणारा मनुष्य नवे काही पाहावयास जात नाही. लहानपणी ऐकलेले खरे आहे का, हे पडताळावयास जातो. ‘अपूर्व’ म्हणजे पूर्वी न झालेले. पण या पुस्तकातील गोडी बरीचशी पूर्वपरिचयातून आलेली आहे. बालपणीचे गंतव्य प्रौढपणी हाती लागले की आनंद आणि किंचित संकोच एकदम होतात. ‘अपूर्वाई’तील विनोदाचा मोठा भाग या संकोचातून निर्माण झाला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. १९६३ सालच्या ‘पूर्वरंग’मध्ये हा संकोच कमी आहे, कारण पूर्वेकडील देशांविषयी बालपणीचे काही देणे फेडावयाचे नव्हते.

याच लेखकाने पन्नाशीच्या सुमारास बंगाली शिकण्यासाठी शांतिनिकेतनची वाट धरली. त्याचे फळ म्हणजे १९७४ साली प्रसिद्ध झालेले ‘वंगचित्रे’. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला या पुस्तकाविषयी विशेष आस्था वाटावी. येथे गंतव्य स्थळ नसून भाषा आहे. पन्नाशीत विद्यार्थी होऊन बसणे हे पाहुणेपण सोडण्याचा प्रयत्न करणे होय. ‘अपूर्वाई’तील प्रवासी पाहून परत येतो, ‘वंगचित्रे’तील प्रवासी राहावयास जागा मागतो, आणि ती जागा त्याला भाषेतून मिळते. वय वाढले तसे गंतव्य मुंबईच्या अधिक जवळ आले, आणि तेथे पोचण्याला मात्र अधिक श्रम पडले.

इरावती कर्वे यांचा क्रम याला समांतर आहे. पंचविशीत, १९३० साली, बर्लिनला डॉक्टरेट मिळविलेल्या या विदुषीने पुढे पंढरीची वाट पायी चालून ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. १९४९ सालच्या ‘परिपूर्ती’त तो समाविष्ट आहे. दूरच्या देशात मानवशास्त्र शिकून आलेली व्यक्ती आपल्याच लोकांमध्ये चालू लागते तेव्हा तिला दोन गोष्टी एकदम दिसतात. ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची नवी व्याख्या तिला सापडते. आणि त्याच वाटेवर भोजनाच्या वेळी माणसे जातीप्रमाणे वेगळी बसतात हेही तिला बोचते. या लेखात पंढरपूरपेक्षा वाट महत्त्वाची आहे, हे शीर्षकावरूनच स्पष्ट होते. वारीत केंद्र घरीही नसते आणि मंदिरातही नसते. ते चालणाऱ्या समुदायाबरोबर पुढे सरकत असते. या समुदायात मी घरची आहे की पाहुणी, हा लेखिकेचा प्रश्न लेखाच्या अखेरपर्यंत सुटत नाही. तो सुटला नाही हेच त्या लेखाचे बळ.

७

येथवर ज्यांची चर्चा केली ते बहुतेक लेखक एका विशिष्ट वर्गातील आहेत, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना गंतव्य निवडता येते त्यांच्याच प्रवासाला आपण प्रवासवर्णन म्हणतो. दुष्काळात गाव सोडणाऱ्यांसाठी मराठवाड्यात ‘जगायला जाणे’ असा प्रयोग आहे. त्यात स्थळाचा उल्लेखच नाही. ‘कोठे’ याची जागा ‘कशासाठी’ने घेतली आहे. ऊसतोडणीसाठी दरवर्षी जिल्हा सोडणाऱ्या कुटुंबांतील मुलाचे बालपणीचे गंतव्य साखर कारखाना असते, आणि ते स्वप्नातले नसते. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मुंबईचा कावाखाना आणि गावाकडचा महारवाडा यांमध्ये मुलाचे बालपण विभागलेले आहे. ज्याचे घर गावकुसाबाहेर आहे, त्याला ‘गावी जातो’ या साध्या वाक्यातील केंद्रसुद्धा सहज लाभलेले नसते. आत्मकथने ही प्रवासलेखनाच्या शेजारी ठेवून वाचली तरच वय आणि गंतव्य यांचा विचार पूर्ण होईल.

८

आता वार्धक्य. १८७० साली मुंबई आणि कलकत्ता लोहमार्गाने जोडली गेली आणि गोडसे भटजींना महिनोन्महिने चालून गाठावी लागलेली काशी काही दिवसांवर आली. तरीही काशी न घडलेली माणसे घरोघर उरलीच. त्यांच्यासाठी कोणीतरी गंगेचा गडू आणून देई. तोंड पक्के बंद केलेला तो तांब्याचा गडू देवघरात राही आणि शेवटच्या क्षणी उघडला जाई. कावडीचीच ही लहान आवृत्ती.

प्रस्तुत लेखकाच्या घरी असा गडू होता. तो आजीसाठी शेजाऱ्यांनी आणला होता. आजी नेमाने ‘काशीस जायचे आहे’ असे म्हणे, आणि तिला तेथे नेण्याचे आमच्यापैकी कोणी मनावर घेतले नाही, कारण ते वाक्य इच्छा सांगणारे आहे असे आम्हांला कधी वाटलेच नाही. तो तिच्या बोलण्याचा एक भाग आहे असे वाटे. आईने काशीचे नाव कधी काढले नाही. उतारवयात ती एवढेच म्हणे, ‘एकदा तुझ्याकडे येऊन जाते.’ या वाक्यातील क्रियापदांचा क्रम लेखकाच्या कानाला तेव्हा खटकला नाही. रजा, परीक्षा, जागेची अडचण अशी उत्तरे दिली गेली. भाषेचा अभ्यास हा ज्याचा व्यवसाय, त्याने घरातले वाक्य ऐकू नये, ही नोंद येथे करून ठेवणे लेखकाला आवश्यक वाटते.

कारण त्या वाक्यात या लेखाचे प्रतिपादन सामावलेले आहे. ज्या घरातून मूल ‘जाऊन येतो’ म्हणून निघाले, त्या घरची आई शेवटी मुलाच्या घरी ‘येऊन जाणारी’ होते. केंद्र सरकले. बालपणीचे ‘मामाकडे’ आणि वार्धक्यातले ‘मुलाकडे’ यांत प्रत्यय एकच आहे. मधल्या वयातच तेवढी ‘ला’ आणि ‘स’ लावलेली विशेषनामे, विलायत, मथुरा, बर्लिन, येऊन जातात. आज मुलांकडे अमेरिकेला किंवा ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या वृद्ध मातापित्यांची प्रवासवर्णने मराठीत निघत असतात. त्यांतील स्थळवर्णने पुष्कळदा एकसारखी असतात, म्हणून समीक्षक त्यांच्याकडे पाहत नाहीत. परंतु त्यांचे गंतव्य अमेरिका नसून मुलाचे घर आहे हे ओळखून ती वाचली, स्वयंपाकघरात हात लावावा की लावू नये अशा बारीक नोंदींकडे लक्ष दिले, तर त्यांत वाङ्मयीन दृष्ट्याही मोलाची सामग्री मिळेल.

सारांश, वयपरत्वे माणसाची स्वप्नस्थळे जवळून दूर आणि दुरून देवाकडे सरकतात, हा समज मराठी ग्रंथांच्या पुराव्यावर टिकत नाही. मथुरेला निघालेला तरुण आईवडिलांची गंगा घेऊन येतो. तीर्थांत वाढलेली मुलगी तरुणपणी लोकस्थिती पाहते आणि इतरांसाठी घर बांधते. बर्लिनहून आलेली विदुषी पंढरीच्या वाटेवर आपली जागा शोधते. या सर्वांत सामान्य आहे ती एकच गोष्ट : आपण कोठे आलो म्हणजे परत जावे लागणार नाही, हा प्रश्न. प्रवासवर्णनावर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी यापुढे स्थळांच्या याद्या करण्यापूर्वी प्रवाशाचे वय, लेखनाचे वय आणि जाणे-येणे या क्रियापदांचे केंद्र या तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात. आपापल्या घरी बोलली जाणारी वाक्येही या अभ्यासाची सामग्री होत, आणि ती ग्रंथालयातील पुस्तकांप्रमाणे नंतर मागवून घेता येत नाहीत.